नागपाड्यापासून मुजफ्फरपूरपर्यंत

पुण्यातल्या धायरीत काय किंवा आणखी कुठे, पोरगं ऐकेनासं झालं, शाळा बुडवू लागलं, की सल्ला ठरलेला असतो: "कुठंतरी आत टाका, आपोआप सरळ येईल." या समजुतीला मोठा इतिहास आहे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ची. मुंबई इलाख्यातला मुलांसाठीचा कायदा १९२४चा, आणि मुलांची गृहे चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ची. गृहे उभी राहिली. पण त्यांत काम करणाऱ्यांना मूल समजून घ्यायचे शिक्षण देणारी सोय नव्हती. ते काम टाटा समाजविज्ञान संस्थेने अंगावर घेतले.

अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या मुंबईतल्या नागपाडा नेबरहूड हाउसमधल्या वस्तीकामातून १९३६ साली समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. देशातले हे पहिलेच. पुढच्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र निघाले. तिथली भूमिका अशी की 'वाया गेलेल्या' मुलाशी बोलायचे, तसेच त्याच्या घरच्यांशीही बोलायचे. १९४४ साली संस्थेला आजचे नाव मिळाले, १९५४ साली ती देवनारला आली. मानखुर्दची बालगृहे तिथून जवळच. विद्यार्थ्यांचे फील्डवर्क तिथेही होऊ लागले.

१९९० साली 'प्रयास' प्रकल्पातून संस्थेचे समाजकार्यकर्ते पोलीस ठाण्यांत आणि तुरुंगांत पोचले. १९९६ साली जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी, चाइल्डलाइन, संस्थेच्याच छत्राखाली सुरू झाली.

खरी कसोटी लागली ती बिहारमध्ये. संस्थेच्या 'कोशिश' प्रकल्पाने मोहम्मद तारिक यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या ११० निवारागृहांचे सोशल ऑडिट केले. सरकारी तपासण्या तिथे आधीही होत होत्या. पण रजिस्टर पाहणे वेगळे आणि मुलाशेजारी बसणे वेगळे. हे काम शिकलेला माणूस सूचनापेटी भिंतीवर आहे का, एवढ्यावर थांबत नाही. तिची चावी कुणाकडे, हेही विचारतो. अधीक्षक दारात उभे असताना मूल गप्प का होते, हे त्याला कळते. २०१८च्या एप्रिलमध्ये अहवाल सरकारकडे गेला. मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातील लैंगिक अत्याचार त्यामुळेच उजेडात आले. अहवालात गंभीर ठपका असलेल्या सतरा गृहांची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयकडे दिली. २०२० साली दिल्लीच्या न्यायालयाने मुजफ्फरपूर प्रकरणात एकोणीस जणांना दोषी ठरवले. अहवाल नसता, तर त्या मुली आणखी किती वर्षे तिथेच राहिल्या असत्या, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचाच उपाय, हे तत्त्व २०१५च्या बाल न्याय कायद्यात लिहिलेले आहे. बाल न्याय मंडळावर न्यायदंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते असतात, आणि त्यांतली किमान एक स्त्री. धायरीतल्या एखाद्या मुलाचे प्रकरण येरवड्याच्या मंडळापुढे आले, की परिवीक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यासाठी त्या घरी जायचे, आईचे ऐकायचे, शाळा कधी आणि का सुटली ते विचारायचे. नागपाड्याच्या केंद्रात १९३७ साली हेच काम सुरू झाले होते.