परदेशात शिकवायला जाताना: मिस फरार, पंडिता रमाबाई आणि माझा एक अर्ज

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर.

गेल्या वर्षी मी एक अर्ज भरला होता. ऑफिसातून आठ आठवड्यांची सुट्टी काढायची आणि कंबोडियातल्या एका खेड्यात व्हॉलंटियर म्हणून मुलांना इंग्रजी शिकवायचं. निवडही झाली. आई म्हणाली, "एकटी कशी जाशील गं?" माझी शंका वेगळीच होती. व्हिडिओ कॉलवर मी विचारलं, तिथली भाषा थोडी तरी शिकायला हवी ना? उत्तर आलं, "काही गरज नाही. तुम्ही फक्त इंग्रजी बोला, मुलं आपोआप शिकतात."

आपोआप? मी मराठी माध्यमाची. बीटेकच्या पहिल्या सेमिस्टरला सर इंग्रजीत बोलायचे आणि मी नुसतं वहीत उतरवून घ्यायचे. डोक्यात काही शिरलं ते एका सीनियर ताईने मराठीत समजावल्यावर.

मग प्रश्न पडला, परक्या मुलखात शिकवायला गेलेली पूर्वीची माणसं काय करायची? उत्तर फार लांब नव्हतं. आपल्या संभाजीनगरहून वाळूज, नेवासा फाटा करत एसटी जिथे जाते, त्या नगरला होतं.

सिंथिया फरार. जन्म १७९५, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचा. १८२७ च्या डिसेंबरअखेर त्या मुंबईत उतरल्या तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. लग्न झालेलं नाही, सोबत नवरा नाही. अमेरिकेबाहेर गेलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित मिशनरी स्त्रियांपैकी त्या एक. काम होतं अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळा बघण्याचं. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवायचं कारण नाही.

पण आपल्या कामाची गोष्ट अशी, की या शाळांतलं शिक्षण मराठीत चालायचं. मुलीला शिकवलं तर ती विधवा होईल असं मानणारी घरं होती. अशा घरातल्या आईला "हिला शाळेत पाठवा" हे इंग्रजीत सांगून काय उपयोग? म्हणजे शिकवायला आलेल्या बाईंना आधी स्वतः शिकायला बसावं लागलं. बाराखडीपासून.

तब्येत बिघडली म्हणून १८३७ मध्ये त्या मायदेशी गेल्या. आडनाव फरार, पण बाई पळाल्या नाहीत. १८३९ मध्ये परत आल्या, नगरला राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या.

नगरची त्यांची मुलींची शाळा बघायला पुण्याहून एक तरुण आला. मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते, त्यांनी आणलं होतं. तरुणाचं नाव जोतीराव फुले. १८४८ मध्ये जोतीरावांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण फरारबाईंकडे घेतलं, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. म्हणजे बाहेरून आलेल्या शिक्षिकेमुळे इथली शिक्षिका उभी राहिली, आणि पुढचं काम इथल्यांनी आपल्या हातात घेतलं.

आता उलट्या दिशेचा प्रवास. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावातल्या ज्या मठात त्या राहिल्या, त्याच्या सिस्टर्स पुण्यात काम करायच्या. पुण्याला जाणाऱ्या सिस्टर्सना रमाबाईंनी मराठी शिकवायचं आणि स्वतः इंग्रजी शिकायचं, असा व्यवहार होता. सरळ देवाणघेवाण!

पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. शिकत होत्या, संस्कृत शिकवतही होत्या. प्राचार्या डोरोथिया बील त्यांच्या बाजूच्या. पण रमाबाईंनी इंग्रज तरुणांना, म्हणजे पुरुषांना शिकवावं अशी गोष्ट निघाली, आणि लाहोर व मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. भारतात परतल्यावर तिच्या कामाला बाधा येईल म्हणे! रमाबाईंनी लिहून कळवलं, की मी पुरुषांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, मग तुम्ही इंग्रज लोक का घेता?

हे वाचून मी थांबले, बरं का. शिकवण्याची हौस सगळ्यांनाच असते. पण समोरच्याकडून शिकायची वेळ आली, की किती जण मागे सरतात!

मी त्या संस्थेला पुन्हा मेल केला. त्या खेड्यातल्या शाळेत स्थानिक शिक्षक कोण आहेत? मी आठ आठवड्यांनी परतल्यावर पुढे कोण शिकवणार? इंग्रजी हवंय असं त्यांनी मागितलंय का? उत्तरात फी भरण्याची तारीख आली.

मी अर्ज मागे घेतला. आई खूश झाली, मी अर्धीच. कारण जायची इच्छा अजून आहे. सध्या रात्री जेवणानंतर ख्मेर लिपीची अक्षरं गिरवते. फार वळणदार आहेत, पहिली ओळ लिहायला आठवडा गेला. फरारबाईंना आपला 'ळ' जमायला किती दिवस लागले असतील कोण जाणे!

तुमच्यापैकी कुणी परदेशात शिकवून आलं असेल, तर एवढं नक्की सांगा: तिथून तुम्ही काय शिकून आलात? भेटू पुढच्या भागात.