वाटपाचे दप्तर

घरभाडे नाममात्र झाले आणि घरमालक हा वर्गच उरला नाही, म्हणजे शहरातील निवाऱ्याची विषमता मावळेल, ही श्रद्धा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हंगेरीत केवळ राज्यकर्त्यांची नव्हती. तळघरांतून आणि ओलसर खोल्यांतून आयुष्य कंठलेल्या कित्येक कामकरी कुटुंबांचीही होती, आणि तिला भाबडी म्हणणे माझ्या जिवावर येते. १९५२ साली भाड्याच्या इमारती सरकारजमा झाल्या, भाडी अत्यल्प ठरली, आणि घर ही क्रयविक्रयाची वस्तू नव्हे, हे राज्याचे अधिकृत तत्त्व झाले. परंतु हक्क सर्वांचा आणि घरे थोडी, अशी अवस्था असली म्हणजे निवड कोणाला तरी करावीच लागते. ती पूर्वी पैसा करी, आता दप्तर करू लागले.

त्या दप्तराचे निर्दय रूप १९५१ च्या उन्हाळ्यातच दिसले होते. जुन्या राजवटीतील अधिकारी, व्यापारी, उमराव अशा हजारो नागरिकांना अल्प मुदतीच्या हुकुमाने बुडापेस्टमधून खेड्यांत हद्दपार करण्यात आले, आणि रिकाम्या झालेल्या घरांत मर्जीतील कुटुंबे राहावयास आली. १९५३ मध्ये इम्रे नागी यांच्या सरकारने हद्दपारी उठविली, तरी त्या लोकांना राजधानीत परतण्याची मुभा मिळाली नाही.

पुढे जुलूम ओसरला आणि सरकारने खरोखरच मोठ्या प्रमाणावर घरे बांधावयास घेतली. ती कोणाला मिळतात, हे इव्हान सेलेन्यी आणि ज्यॉर्ज कोनराड या समाजशास्त्रज्ञांनी १९६८ साली पेच व सेगेद या शहरांत पाहणी करून तपासले. नव्या, सर्व सोयींनी युक्त अशा सरकारी सदनिकांत अधिकारी, सुशिक्षित व्यावसायिक आणि कारकून यांचा भरणा अधिक, आणि ज्याच्या नावाने राज्य चालले होते तो मजूर बहुतांशी स्वतःच्या खर्चाने घर बांधणारा, असे चित्र त्यांना आढळले.

या व्यवहाराचे मर्म पगारपत्रकात होते. घर सरकार देणार, या गृहीतावर वेतन आखलेले असल्यामुळे त्यात घराच्या खर्चास जागाच ठेवलेली नव्हती; तेव्हा ज्याला सदनिका मिळाली, त्याला वेतनाखेरीज जणू एक इनामच लाभले, आणि ज्याला ती मिळाली नाही, त्याने त्याच तुटपुंज्या वेतनातून काटकसर करून, बचत बँकेचे कर्ज काढून, त्यावर व्याज भरून भिंती उभारावयाच्या! वरच्या पगाराच्या माणसाला राज्याचे साहाय्य अधिक आणि खालच्याला कमी, हा उलटा न्याय कोणा एका लाचखाऊ कारकुनाचा नव्हता. तो वाटपाच्या रीतीतच मुरलेला होता.

मजुराचे ते घर मात्र पाहण्यासारखे असे. आप्त आणि शेजारी सुट्टीच्या दिवशी जमून एकमेकांच्या विटा रचीत. या रीतीस तेथे ‘कालाका’ म्हणतात, आणि आपल्या इर्जिकीशी तिचे नाते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. असे घर बहुधा गावाच्या वेशीवर किंवा दूरच्या खेड्यात होई. पैसा कारखान्यांवर ओतल्यामुळे शहरांतील घरांना तो पुरेसा उरला नव्हता. म्हणून पूर्वेकडच्या न्यीर्शेग प्रदेशातील मजूर आठवडाभर कामगारांच्या वसतिगृहात राहत आणि शनिवार-रविवारसाठी, लोक जिला ‘काळी गाडी’ म्हणत, त्या आगगाडीने गर्दीत उभ्याउभ्याने घरी परतत.

१९७४ साली, बुद्धिजीवी वर्गाच्या सत्तेविषयी लिहिलेल्या एका ग्रंथाच्या हस्तलिखितापायी या दोघा संशोधकांना अटक झाली. पुढील वर्षी सेलेन्यी यांनी देश सोडला, कोनराड मागे राहिले. १९८९ नंतर राजवट पालटली आणि सरकारी सदनिका त्यांत राहणाऱ्यांनाच बाजारभावाच्या अल्पांशात विकण्यात आल्या. ज्याच्या वाट्याला प्रशस्त सदनिका आली होती, तो एका सहीनिशी मौल्यवान मालमत्तेचा धनी झाला. काळ्या गाडीच्या मजुराजवळ, त्याने स्वतः रचलेल्या विटांचे ते दूरचे घर तेवढे होते.