अँटिनोपोलिसचा बालमोजा : सूत, रंग आणि वीण

नाईल नदीच्या पूर्व तीरावर रोमन सम्राट हेड्रियन याने इ. स. १३० मध्ये अँटिनोपोलिस हे नगर वसविले. १९१३-१४ च्या हिवाळ्यात जॉन डी मॉनिन्स जॉन्सन यांनी इजिप्त एक्स्प्लोरेशन फंडाच्या वतीने तेथील उकिरडे खणून काढले. शोध होता तो पपायरसावरील लेखांचा. त्या केरकचऱ्यात लेखांबरोबरच लहान मुलाचा, डाव्या पायाचा, रंगीत पट्ट्यांचा एक लोकरी मोजा मिळाला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये असून त्याचा काळ इसवी सनाचे तिसरे-चौथे शतक मानला जातो. त्याला अंगठ्याचे घर निराळे आहे. चपलेचा पट्टा बोटांमधून जावा, ही त्यामागील सोय उघड दिसते. (हेच जॉन्सन पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक झाले व त्यांनी तिकिटे, जाहिराती, हस्तपत्रके अशा फेकून दिल्या जाणाऱ्या छापील कागदांचा विख्यात संग्रह केला. उकिरड्याचे मोल त्यांना इजिप्तमध्येच उमगले असावे.)

वस्त्रविद्येच्या इतिहासात या मोज्याचे स्थान वादग्रस्त ठरले ते त्याच्या विणीमुळे. मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद मागावरचे कापड, बाजेची नवार, चटई आणि सुयांवरचा स्वेटर या सर्वांना सारखेच लागू पडते. त्यामुळे येथे प्रथम भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. दोन सुयांच्या विणकामात गुंड्यातून अखंड येणाऱ्या सुताचा फासा आधीच्या फाशातून ओढून घेतला जातो. सुताचे टोक फाशातून कधीच जात नाही. म्हणूनच टोक ओढले की वीण उसवत जाते. कॉप्टिक मोज्यांची रीत याहून मूलतः भिन्न आहे. तेथे नेढ्याची एकच सुई असते, आणि प्रत्येक टाक्याला सूत त्याच्या सबंध लांबीनिशी फाशातून पार करावे लागते. असे काम ओढून उसवत नाही. तथापि तयार झालेल्या वस्तूचा पृष्ठभाग दोन सुयांवर घातलेल्या पिळाच्या टाक्यांसारखा इतका हुबेहूब दिसतो की, नुसत्या डोळ्यांनी फरक करणे जवळजवळ अशक्य होते. टाके जेथे वाढविले वा घटविले असतील, तेथील सुताचा मार्ग तपासावा तेव्हाच उलगडा होतो.

या साम्याने संशोधकांना दीर्घकाळ चकविले. फरात नदीकाठचे ड्युरा-युरोपोस हे नगर इ. स. २५६ च्या सुमारास सासानी सैन्याने उद्ध्वस्त केले. तेथील वस्त्रावशेषांचा अहवाल १९४५ मध्ये फिस्टर आणि बेलिंजर यांनी प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील काही तुकडे सुयांवर विणलेले म्हणून नोंदले गेले. परिणामी सुयांवरच्या विणकामाची प्राचीनता कित्येक शतकांनी मागे नेण्यात आली. १९७२ मध्ये डोरोथी बर्नहॅम यांनी कॉप्टिक मोज्यांची वीण एकाच सुईची असल्याचे प्रत्यक्ष कृतीने दाखवून दिले; ड्युराचे तुकडेही पुढे त्याच वर्गात गणले जाऊ लागले. एका चुकीच्या वर्गनामावर केवढा कालानुक्रम उभा राहू शकतो, याचे हे उदाहरण लक्षणीय आहे.

वस्तुतः सुताचा विचार आरंभीच झाला असता तर संशयाला जागा मिळाली असती. ज्या रीतीत प्रत्येक टाक्याला पूर्ण सूत ओढावे लागते, तिच्यात लांब सूत गुंतते व झिजते. ते हात-दोन हातांच्या तुकड्यांनीच वापरावे लागते. एक तुकडा संपला की पुढचा जोडणे आले. हाती कातलेल्या लोकरीची टोके उकलून, ओली करून तळव्यांमध्ये चोळली की एकजीव होतात. कापसाचे किंवा तागाचे सूत असे जुळत नाही, त्याला गाठ मारावी लागते, आणि पायमोज्यात गाठ बोचते. बालकाच्या पायात तर अधिकच. लोकर आणि एक सुई यांची सांगड ही अशी आहे.

रंगांविषयीचे ज्ञान अलीकडचे आहे. २०१८ मध्ये जोआन डायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिनील ते अवरक्त अशा निरनिराळ्या प्रकाशांत छायाचित्रे घेऊन या मोज्याची परीक्षा केली. त्यासाठी सुताचा नमुना तोडावा लागला नाही. मोज्यात सात छटांचे सूत आढळते, परंतु रंगद्रव्ये तीनच : तांबड्यासाठी मॅडरची मुळे, निळ्यासाठी वोडची पाने आणि पिवळ्यासाठी वेल्ड. मॅडर ही आपल्या मंजिष्ठेची सगोत्र वनस्पती. वोडमधील रंगद्रव्य आणि आपली नीळ ही रासायनिक दृष्ट्या एकच. तांबडा व पिवळा लोकरीवर पक्का बसण्यास तुरटीसारखा रंगबंधक लागतो, निळ्याला तो लागत नाही; त्याला आंबवलेला रांजण आणि नंतर मोकळी हवा लागते. निळे सूत पिवळ्यात बुडविले की हिरवे होते. एकावर एक रंग चढवून तीन द्रव्यांतून सात छटा काढणे हे नवशिक्याचे काम नव्हे. याच काळातील, इजिप्तमध्ये सापडलेल्या व आता स्टॉकहोम येथे असलेल्या ग्रीक पपायरसात लोकर रंगविण्याच्या अनेक कृती आहेत, आणि त्यांतील कित्येक महागड्या जांभळ्याची स्वस्त नक्कल साधण्याच्या आहेत. इ. स. ३०१ च्या डायोक्लीशनच्या दरपत्रकात अस्सल जांभळ्या लोकरीचा कमाल भाव पौंडाला ५०,००० दिनार, तर शेतमजुराची दिवसाची कमाल मजुरी जेवणाखेरीज २५ दिनार ठरविलेली आहे. स्वस्त वनस्पतिज रंगांवर एवढी बुद्धी का खर्च झाली, हे या दोन आकड्यांवरून कळते.

मोठ्यांच्या कपड्यांतून उरलेले रंगीत सुताचे तुकडे मुलाच्या मोज्यात पट्टे म्हणून जिरविले असावेत, हे अनुमान मोहक आहे आणि तांत्रिक दृष्ट्या सुसंगतही आहे. मात्र केवळ त्यावरून मोजा घरातल्या स्त्रीने विणला असे म्हणता येत नाही. कताई घरोघरी चाले हे खरे. पण रंगारी हा रोमन इजिप्तमध्ये स्वतंत्र धंदा होता, आणि मोजे विकतही मिळत असतील.

दोन सुयांच्या विणकामाचे निर्विवाद जुने नमुने इजिप्तमध्येच मिळतात, पण ते अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे, सुती आणि बहुधा निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. लोकर जाऊन कापूस आला, तुकड्यांची जागा अखंड सुताने घेतली आणि रीतही पालटलेली दिसते. स्पेनमध्ये बुर्गोसजवळच्या लास ह्युएल्गास मठात १२७५ मध्ये मृत्यू पावलेल्या राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा याच्या थडग्यातील रेशमी उशी ही युरोपातील या कलेची आरंभीची साक्ष होय. त्याच शतकांत गुजरातचे ठशांनी छापलेले, निळीने रंगविलेले सुती कापड इजिप्तच्या फुस्तात शहरात येत होते. त्यावरून सुयांवरचे विणकामही हिंदुस्थानातून तिकडे गेले, असे अधूनमधून सुचविण्यात येते. कापडाच्या व्यापाराचे तुकडे शेकड्यांनी हाती आहेत. विणीच्या प्रवासाचा एकही नाही.