महाराणी येसूबाई

आपल्या रायगड जिल्ह्याचा इतिहास सांगताना गड आणि लढाया यांचीच नावे पुढे येतात. रायगडावरून मोगलांच्या कैदेत गेलेल्या व तीस वर्षांनी परत आलेल्या महाराणी येसूबाईंचे स्मरण त्या मानाने कमीच होते.

येसूबाई या शृंगारपूरचे पिलाजीराव शिर्के यांच्या कन्या. बालपणीच त्या शिवछत्रपतींच्या सूनबाई झाल्या. संभाजी महाराजांनी त्यांना 'श्री सखी राज्ञी जयति' हा शिक्का देऊन कारभाराचा अधिकार दिला. १६८२ साली माणगावजवळील गांगवली येथे पुत्र शाहू यांचा जन्म झाला.

मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली. पाठोपाठ झुल्फिकारखानाने रायगडास वेढा घातला. स्वतःचा मुलगा जेमतेम सात वर्षांचा. तरीही येसूबाईंनी दीर राजाराम महाराजांना कारभाराचे धनी मानले व गडाबाहेर पडण्याचा सल्ला दिला. सर्वजण एकाच ठिकाणी शत्रूच्या हाती सापडू नयेत, हा त्यामागील विचार. राजाराम महाराज पुढे जिंजीस पोहोचले व राज्य टिकले. नोव्हेंबरात रायगड पडला आणि मायलेक कैद झाले.

१७०७ साली शाहू महाराज सुटले, पण मातोश्री ओलीस राहिल्या. अखेर आपल्या श्रीवर्धनचे पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीस गेले, तेव्हा १७१९ मध्ये त्या साताऱ्यास परतल्या. रायगड मात्र त्यावेळीही सिद्दीकडेच होता. तो १७३३ साली स्वराज्यात आला.

अष्टमीकरांनी रायगडावर जाताना या माउलीसही मनोभावे नमस्कार करावा.