प्रश्नातला पक्षपात कसा ओळखतात?

हुबळीतील जुन्या बाजारपेठेचे नाव दुर्गदबैल. मराठी वाचकाला त्यात बैल दिसतो; कन्नड जाणणाऱ्याला मात्र ‘बैलु’, म्हणजे मोकळे मैदान. या शब्दावर तर्कबुद्धीचा प्रश्न बेतला, तर हुबळीचा विद्यार्थी तो सहज सोडवील आणि तितक्याच कुवतीचा डिचोलीचा विद्यार्थी अडखळेल. तेथे तर्क मोजला जात नाही, घरची भाषा मोजली जाते.

एका गटाला प्रश्न अवघड गेला, एवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही. त्या गटाला विषयच नीट शिकवला गेला नसेल. म्हणून मानसमापनशास्त्र समान एकूण गुण मिळवणाऱ्यांचीच एकमेकांशी तुलना करते. साठ गुणांच्या टप्प्यातील कन्नड आणि इंग्रजी माध्यमाचे परीक्षार्थी घ्यावेत, मग सत्तरच्या टप्प्यातील. प्रत्येक टप्प्यावर तोच प्रश्न एकाच गटाला नडत असेल, तर तो संशयित ठरतो. हे गणित मँटेल आणि हेन्झेल यांनी १९५९ मध्ये रोगांच्या अभ्यासासाठी मांडले. हॉलंड आणि थेअर यांनी १९८८ मध्ये ते परीक्षांना लावले.

हा विषय कोरडा वाटत असेल, तर धारवाडमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना विचारावे. कर्नाटक लोकसेवा आयोगाने २७ ऑगस्ट २०२४ रोजी ३८४ राजपत्रित पदांसाठी पूर्वपरीक्षा घेतली. कन्नड प्रश्नपत्रिकेतील भाषांतराच्या चुकांवरून गदारोळ झाला आणि सरकारने फेरपरीक्षेचा निर्देश दिला. ती २९ डिसेंबरला झाली. भाषांतराच्या तक्रारी तेव्हाही आल्याच. वयोमर्यादेच्या काठावर असलेल्या उमेदवाराला चार महिने म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

या पद्धतीला एक मोठी मर्यादा आहे. भाषांतर सरसकट बिघडलेले असेल, तर एकूण गुणही बिघडतात आणि ‘समान गुण’ हा आधारच डळमळतो. अशा वेळी संशयित प्रश्न वगळून गुण पुन्हा मोजतात व तुलना नव्याने करतात; तरीही सर्वच प्रश्न सदोष असतील तर आकडे गप्प राहतात. गट लहान असला तरी निष्कर्ष डगमगतो. शिवाय आकडे फक्त बोट दाखवतात. दोष शब्दात आहे, संदर्भात आहे की शिकवण्यात, हे दोन्ही भाषा जाणणाऱ्या विषयतज्ज्ञालाच प्रश्न वाचून ठरवावे लागते. हे वाचन परीक्षेआधी झाले आणि प्रश्नांची थोड्या विद्यार्थ्यांवर चाचणीही झाली, तर सदोष प्रश्न वेळीच काढता येतो. निकालानंतर उरतात ते वाढीव गुण, फेरपरीक्षा किंवा न्यायालय.