नवगाव
नवगाव : रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. ते अलिबागच्या उत्तरेस किहीमजवळ असून या किनाऱ्यासमोर खांदेरी-उंदेरी ही बेटे आहेत. मराठी भाषक बेने इस्राएल समाज नवगावला आपले भारतातील मूळ स्थान मानतो.

परंपरेनुसार, प्राचीन इस्राएलमधून निघालेले गलबत या किनाऱ्यालगत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेले मृतदेह, पुरुषांचे व स्त्रियांचे वेगळे, अशा दोन ढिगांखाली पुरले गेले. ही दफनभूमी समाजाला पवित्र असून तेथे स्मारक उभारले आहे. वाचलेल्यांचे वंशज आसपासच्या गावांत पसरले व तेलाचे घाणे चालवू लागले. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या धार्मिक विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सुंता, ‘शमा’ ही प्रार्थना आणि खवले-पर नसलेले मासे वर्ज्य मानणे एवढा वारसा त्यांनी धर्मग्रंथ हाताशी नसताना जपला.

आगमनाचा काळ वादग्रस्त आहे. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी तो इ. स. पू. १७५ च्या सुमाराचा ठरवला. मक्काबी या यहुदी बंडखोरांच्या विजयानंतर सुरू झालेला हनुक्का हा सण समाजाला पूर्वी ठाऊक नव्हता, म्हणजे स्थलांतर त्या विजयापूर्वीचे असावे, हा त्यांचा एक आधार. दुसरे मत समाजाचा संबंध इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी जिंकलेल्या उत्तर इस्राएलशी जोडते. त्या राज्याची राजधानी शोमरोन येथील रहिवाशांच्या हद्दपारीची नोंद अश्शूरचा राजा सार्गोन दुसरा याच्या लेखांत आहे. त्या हद्दपारांपैकी कोणी कोकणात आल्याचा पुरावा मात्र नाही. नवगावच्या दक्षिणेकडील चौल बंदराचा पश्चिमेशी प्राचीन व्यापार होता, त्यामुळे असा प्रवास शक्य ठरतो, सिद्ध होत नाही. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात समाजात यहुदी व भारतीय अशा दोन्ही वंशपरंपरा आढळल्या. त्यांचा संकर १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा असावा, असा अंदाज आहे.

ब्रिटिश काळात लष्करी नोकरीमुळे समाज दूरवर गेला. बंगळुरूच्या म्हैसूर रस्त्यावरील यहुदी दफनभूमीतील पहिली कबर १९०४ साली निवर्तलेले सुभेदार सॅम्युएल नागावकर यांची मानली जाते. त्यांच्या आडनावातील नागाव हेही अलिबाग तालुक्यातलेच. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली.

नवगावचे मोल दंतकथेच्या तारखेवर अवलंबून नाही. लिखित साधनांवाचून पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली स्मृती हेच येथील महत्त्वाचे ऐतिहासिक साधन आहे. समाजाच्या संमतीने, कबरी न उकरता दफनभूमीचे शास्त्रीय सर्वेक्षण व जतन होणे अगत्याचे आहे.