तळटीप २७ : स्पूल गन

२७. स्पूल गन : अ‍ॅल्युमिनियम जोडताना वापरतात ती मिग वेल्डिंगची बंदूक; तारेचे छोटे रीळ तिच्यावरच बसवलेले असते. एरवी रीळ यंत्राच्या पेटीत राहते आणि तार तीनेक मीटर लांब नळीतून पुढे ढकलली जाते. पोलादी तारेला त्याचे काही वाटत नाही. अ‍ॅल्युमिनियमची तार मऊ. टोकाशी जरा अडली की मागची वाकते आणि रोलरांपाशी तिचा गुंता होतो. स्पूल गनमध्ये हे अंतर काही इंचांवर येते, म्हणून होडीचा सांधा घेताना कारागीर हाताला जड पडणारी ही बंदूक पत्करतो. रिळात जेमतेम अर्धा किलो तार मावते. पुढच्या परिच्छेदात तो सारखा थांबतो तो रीळ बदलण्यासाठी, आणि हे समजले नाही तर त्याच्यावर उगाच आळसाचा ठपका बसतो.

पत्रा आधी स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासण्यालाही कारण आहे. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर २,००० अंशांपर्यंत तग धरतो. तो राहिला तर सांधा कच्चा राहतो. वायू शुद्ध आरगॉनच लागतो. पोलादासाठीचे कार्बन डायऑक्साइड मिसळलेले नळकांडे इथे चालत नाही. मिग पद्धत १९४८ साली अमेरिकेतील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये विकसित झाली ती मुळात अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूंसाठीच. पोलादाच्या कामात ती नंतर रुळली.